येताना दोन चादरी आण

ऑफिसच्या कामासाठी सोलापूरला जायचं असेल, तर ते कुणाला कळू द्यायचं नसतं, हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. नागपूरला जा, लोक संत्राबर्फीचा डबा सांगतील. साताऱ्याला जा, पाव किलो कंदी पेढ्यांवर विषय मिटतो. जळगावहून केळ्याचे वेफर्स आणायचे, त्यांना वजन ते काय असणार! सोलापूरचं तसं नाही. सोलापूर म्हणजे चादर, आणि चादर कुणी एक मागवत नाही.

माझा धंदा वजनकाट्यांचा. ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो, तो काटा. आमची कंपनी असे काटे बसवते आणि सांभाळते. साखर कारखान्यांच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याचा हात राज्यात कुणी धरत नाही, त्यामुळे दिवाळी उरकून गाळप सुरू झालं, की माझी वारी ठरलेली. विठोबाच्या जिल्ह्यात जातो म्हणून वारी म्हणायचं, एवढंच. पंढरपूरवरून जाऊनही माझं कळसाचंच दर्शन होतं, कारण पुढच्या कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत आलेली असते आणि चीफ केमिस्टपासून वॉचमनपर्यंत सगळे मला फोन करत असतात. काटा बंद तर गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाला टाकायची जागा, बंद. आणि काटा बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा उंदीर. चहूबाजूंना टनावारी ऊस पडलेला असताना तो सोडून हा प्राणी लोडसेलची, म्हणजे काट्याखाली वजन टिपणाऱ्या भागाची, केबल का कुरतडतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. कारखान्यावरच्या लोकांचं मत असं, की ऊस खाऊन त्यालाही कंटाळा येत असणार.

तर यंदा असाच निरोप आला आणि मी घरी नुसतं म्हणालो, ‘‘सोलापूरला जावं लागणार.’’ आईनं पोथीतून मान वर केली. ‘‘शेंगांची चटणी आण. पण ती कुटलेली हवी हो, मिक्सरची नको.’’ मुलगा म्हणाला, कडक भाकरी. बायको काहीच म्हणाली नाही. तिनं माळ्यावरून सगळ्यात मोठी बॅग काढली. शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान आणि मल्टिमीटर एवढाच माझा ऐवज. तो त्या बॅगेत एका कोपऱ्यात जाऊन बसला.

‘‘एवढी मोठी कशाला?’’

‘‘येताना भरेल.’’

हे संभाषण आमच्या घरात झालं. तरी रात्री कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आलो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या. ‘‘सोलापूरला जातोयस म्हणे? येताना दोन चादरी आण. एक मरून, एक बॉटल ग्रीन. घाई नाही हं, पण आण.’’ त्यांच्या मागून सोसायटीच्या सेक्रेटरींनी वॉचमनच्या केबिनसाठी एक सांगितली. ती सोसायटीच्या खर्चातून, म्हणजे पैसे पुढच्या वार्षिक सभेनंतर. मग साडूचा फोन आला. साडू राहतो ठाण्याला. त्याला कसं कळलं, हे विचारायचं नसतं.

मुंबईहून सोलापूरला 2023 पासून वंदे भारत धावते. आमच्या कंपनीच्या प्रवास नियमांपर्यंत ती अजून पोचलेली नाही, म्हणून मी पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जातो. तक्रार नाही, गाडी चांगली आहे. मात्र शेजारी सोलापूरचे एखादे आजोबा आले, की दौंडच्या आत गाडीच्या नावावरून परीक्षा होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. मला आता हे पाठ आहे, त्यामुळे मी पुणेकर असूनही आजोबा मला पास करतात आणि लगेच विचारतात, ‘‘चादर कुठून घेता?’’

कामाचं फार सांगण्यासारखं नाही. केबल बदलली, जंक्शन बॉक्स सुकवला, वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं हमालांकडून चढवून-उतरवून काटा जुळवला. ट्रॅक्टरवर मोठ्यांदा गाणी लावून बसलेल्या एका पोरानं वरूनच विचारलं, ‘‘काय करलालाव सर? काटा मारायला आलाव का काढायला?’’ मी हसलो. शेजारी उभे असलेले शेतकी अधिकारी हसले नाहीत.

खरी कसोटी संध्याकाळी, चाटी गल्लीत. दुकानदार गादीवर बसलेला. तो हातातल्या चादरीला एक झटका देतो आणि ती घडी सुटून थेट गुडघ्यापर्यंत येऊन पडते, मागून नव्या सुताचा वास. मोर, कमळ, चौकटी, पुन्हा मोर. तो पोऱ्याशी तेलुगूत बोलत होता, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत, माझ्याशी मराठीत. मी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. तिन्ही भाषांत ज्याचं अडलं नसतं, तो माणूस तिच्या पुणेरी मराठीपुढे मात्र अडला.

‘‘हा मरून नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘मॅडम, मरूनच आहे.’’

‘‘हा विटकरी आहे. अरे, उजेडात धर की जरा. तुझा अंगठा काढ कॅमेऱ्यावरून. हा तर चॉकलेटी दिसतोय!’’

मी चादर घेऊन रस्त्यावर आलो. रस्त्यावरच्या दिव्यात ती जांभळी दिसली. दुकानदार मागोमाग बाहेर आला, कारण चादर त्याची होती. मग आम्ही दोघं फोनकडे बघत उभे राहिलो, आणि फोनमधून आज्ञा आली, ‘‘राहू दे. तुला रंग कळत नाहीत. शुक्रवारी शाळा सुटली की मीच येते.’’

आता इथं थोडं खासगी सांगतो. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. या वर्षांत दोघांनीच कुठं जायचं ठरवलं की काहीतरी निघतंच. चाचणी परीक्षा, आईचा मोतीबिंदू, पाण्याच्या टाकीची गळती. महाबळेश्वरचं बुकिंग आम्ही जितक्या वेळा रद्द केलंय, तितक्या वेळा लोक महाबळेश्वरला जातही नसतील. आणि जी बाई माझ्याबरोबर महाबळेश्वरला येऊ शकली नाही, ती एका विटकरी चादरीपायी अडीचशे किलोमीटर यायला निघाली. मुलगा आजीकडे ठेवला. आजी म्हणाल्या, जा बाई निर्धास्त. नंतर कळलं, की त्या रात्री आजी-नातवानं पिझ्झा मागवला होता.

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमाराला हुतात्मा आली. ती खांद्याला शाळेचीच पिशवी लावून उतरली आणि पहिलं वाक्य म्हणाली, ‘‘दाढी का नाही केलीस?’’ मला फार बरं वाटलं. लॉजच्या टीव्हीवर रिमोटची बटणं दाबून दाबून कानडी बातम्यांखेरीज काही लागेना. मग आम्ही कानडी बातम्याच बघितल्या. निवेदिका काय म्हणत असेल, ते ती सांगायची आणि गृहमंत्री काय म्हणत असतील, ते मी. घरी नऊला ‘उद्या डब्याला काय’ हा विषय निघतो आणि त्याच विषयावर आमचा दिवस संपतो. इथं उद्या डबाच नव्हता. बारा वाजून गेले तरी आम्ही शेंगापोळ्या खात, एकमेकांच्या वाक्यावर हसत बसलो होतो. पलीकडच्या खोलीतल्या कुणीतरी भिंत वाजवली, तेव्हा कुठं थांबलो. आपल्या वयाच्या नवराबायकोसाठी कुणी भिंत वाजवावी, याचा तिला इतका आनंद झाला, की ती पुन्हा हसायला लागली.

शनिवारी सकाळी तिनं चाटी गल्ली जिंकली. दुकानदारानं तिला ओळखलं नाही, पण आवाज ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. मरून मिळाला, बॉटल ग्रीन मिळाला, साडूची झाली, वॉचमनची झाली. मग ‘आपल्यालाही हव्यातच ना’ म्हणून दोन. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. माझ्या मते तिच्यावर वजनाचा आकडाही छापायला हवा. चांगली डबल चादर दीड-दोन किलोला मागे हटत नाही. पुढं चटणी आणि कडक भाकरी. इथं पदार्थविज्ञान आडवं येतं. चादर जड, म्हणून ती खाली. भाकरी पापडासारखी, बोट लागलं तरी तुकडा पडणार, म्हणून ती वर. आणि चटणी कुठेही ठेवा, तिचं तेल खाली जाणार. म्हणजे चादरीवर. कुटलेल्या चटणीला तेल सुटणारच, तीच तर तिची खूण. पण हे काकूंना कोण समजावणार?

दुपारी शेतकी अधिकाऱ्यांनी त्यांच्या शेतावर हुरड्याला बोलावलं होतं. जाताना वाटेत कारखान्यावर शेवटचं रीडिंग घ्यायचं होतं, म्हणून बॅगही जीपमध्येच. काट्यापाशी पोचलो, तर दोन ट्रॉल्यांच्या मधे काटा रिकामा. बायको म्हणाली, ‘‘अरे, हा वजनाचाच ना? मग बॅग ठेव की! सकाळपासून जड-जड करतोयस.’’

मी समजावलं, की हा काटा साठ टनांचा आहे, तो दहा-दहा किलोंनी मोजतो, बॅगेसारख्या गोष्टी त्याच्या खिजगणतीत नसतात. तोवर तिनं आणि हमालानं बॅग नेऊन काट्याच्या मधोमध ठेवलीही. एवढ्या लांबरुंद लोखंडी फळीवर आमची ती एकुलती एक बॅग. केबिनमधल्या क्लार्कनं इमानेइतबारे बटण दाबलं. आकडा आला 20.

माझ्याकडे खिशात मावणारा हुकाचा स्प्रिंगकाटा असतो, त्यावर मी सकाळीच मोजली होती. ती भरली होती 24.

‘‘बघ,’’ बायको म्हणाली, ‘‘उगाच कुरकुरत होतास. चार किलो तर तुझ्या मनाचेच होते.’’

मी नियम सांगायला लागलो. 24 म्हणजे जवळचा दहाचा टप्पा 20, तेच 26 असती तर 30 दाखवले असते, भरल्या ट्रॉलीला याचा काही फरक पडत नाही वगैरे. रांगेतला पटकेवाला म्हातारा शेतकरी ट्रॉलीला टेकून सगळं नीट ऐकत होता. माझं झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘चार किलो गेलं म्हणताव ना? आमचं पण तिथंच जातंय सर.’’

रांग फुटून हसली. बायको तर काट्यावरच बसली. आकडा बदलला आणि क्लार्कनं तो वाचायच्या आत मी तिला उठवलं. संसारात काही आकडे पडद्यावर येऊ द्यायचे नसतात.

हुरडा मी आधीही खाल्ला होता, पुण्याजवळच्या हुरडा पार्टीत, कुपन दाखवून. हे वेगळंच. जमिनीत खळगा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, तीच आगटी. अधिकाऱ्यांचे वडील उकिडवे बसून कणसं राखेत फिरवत होते. भाजलेलं कणीस तळहातावर घ्यायचं, गरम असतानाच चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. खाली उरतात ते हिरवे, दुधाळ दाणे. ते थेट समोरच्याच्या ओंजळीत. बायकोनं चोळायचा हट्ट धरला आणि पहिल्याच कणसाला ‘आई गं’ करून ते माझ्या मांडीवर टाकलं. आजोबा म्हणाले, ‘‘पुण्याचं हात हाय, पोळणारच.’’ तिनं दुसरं घेतलं. तिसऱ्या-चौथ्याला जमलं. मग ती चोळत गेली आणि मी खात गेलो, सोबत चटणी, दही, गूळ. तिच्या कपाळावर राख, केसात कोंडा. खडूची पूड सोडून दुसरं काही तिच्या केसात मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. निघताना आजोबांनी तिच्या हाती पिशवी दिली. ‘‘मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे, लेकी. पाचच किलो.’’

तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

रविवारी सकाळी साडेसहाची परतीची हुतात्मा. एसी चेअरकारचं तिकीट तिच्या हट्टानं काढलेलं, फरक मी भरलेला. बॅग वर चढेना, म्हणून पायात. ज्वारी मांडीवर. मोहोळ गेलं, माढा गेलं, आणि डब्यातली थंडी एवढी वाढली, की समोरच्या माणसानं कानाला रुमाल बांधला. आमच्याकडे उबेचं एकही पांघरूण नव्हतं, असं म्हणायला मात्र तोंड नव्हतं. तिनं बॅगेची चेन थोडी उघडली. वर भाकरी होती. तिच्याखालून दोन बोटांनी चाचपडत जी पहिली चादर हाती लागली, ती ओढून काढली. नेमकी मरून.

‘‘अगं, ही काकूंची.’’

‘‘घडी जशीच्या तशी घालते. कळणारही नाही.’’

चादर दोघांच्या गुडघ्यांवर पसरली. कोपऱ्याला एक तेलकट ठिपका होता. तो तिनं आतल्या बाजूला घेतला. उजनीचं पाणी खिडकीतून दिसायला लागलं, तेव्हा ती माझ्या खांद्याला टेकून घोरत होती. आपण घोरतो, हे तिला मान्य नाही. दौंडच्या अलीकडे फोन वाजला. स्क्रीनवर दुसरा मजला.

‘‘निघालात का गं? मरून मिळाली का?’’

‘‘मिळाली हो काकू. एकदम फर्स्टक्लास.’’

‘‘ऊबदार आहे ना? नाहीतर हल्ली नुसत्या दिखाऊ असतात.’’

‘‘अगदी ऊबदार आहे, मी गॅरंटी देते,’’ ती म्हणाली आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. माझ्या वाट्याला ज्वारी उरली.