आरोपी सापडेपर्यंत पीडिताला मदत नाही? साफ खोटं

"आरोपीला शिक्षा झाल्याशिवाय सरकार पीडिताला छदामही देत नाही. आधी पोलिसांचा कागद, मग उपचार. कोर्टात तुमचं कोणी ऐकत नाही. आणि भरपाई घेतली की केस मिटली." हल्ल्याची बातमी आली की असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. पाठवणाऱ्यांचा संताप खरा आहे, पण हा मजकूर जखमी माणसालाच घरी बसवतो.

आधी उपचारांचं बघू, कारण तिथे उशीर परवडत नाही. अ‍ॅसिड हल्ला किंवा बलात्कार झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने लगेच आणि मोफत उपचार करायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (गुन्ह्याचा तपास आणि खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या कायद्याचं) कलम 397 सांगतं. पोलिसांना कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. उपचार नाकारले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अ‍ॅसिडची जखम भरताना कातडी आक्रसते, हनुवटी छातीकडे ओढली जाते, पापणी मिटेनाशी होते. शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं चालतात. अशा माणसाला कागदासाठी दारात ताटकळत ठेवणं हा गुन्हाच आहे आणि तो तसाच मानला पाहिजे.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकून पोलिस ठाण्यातून परत फिरू नका. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतला नाही तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, तरीही नाही तर दंडाधिकारी.

आता पैशांचं. याच संहितेच्या कलम 396 नुसार गुन्हेगाराचा मागमूस लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक भरपाईसाठी अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. अ‍ॅसिड हल्ल्यात किमान 3 लाख, त्यातले 1 लाख पंधरा दिवसांत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षी सुरू झालेल्या मनोधैर्य योजनेत बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ल्यांसाठी नंतर 10 लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे करायचा. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार, पासबुक सोबत न्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नका. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. अर्ज रखडतात हे मात्र खरं, म्हणून ती पोच लागते. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

कोर्टात ऐकत नाहीत? सरकारी वकिलांच्या मदतीला आपला वकील देता येतो, तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं आणि आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येतं.

सगळ्यात घातक ते शेवटचं वाक्य. सरकारी भरपाई आणि मांडवली यांचा काडीचाही संबंध नाही. भरपाई घेतली तरी खटला चालतोच, आणि आरोपीला झालेल्या दंडातून मिळणारी रक्कम वेगळी. उलट आरोपीचे नातेवाईक नोटा घेऊन दारात येतात, त्यांच्याकडून पैसे घेतले तरी बलात्काराचा किंवा अ‍ॅसिड हल्ल्याचा खटला तडजोडीने मिटत नाही. दबाव किंवा धमकी आली तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा.