जाम बोल्टाला ‘दोन तास’ कळत नाहीत

टर्बो गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा: डाउनपाइप (टर्बोमधून निघालेला धूर मागे नेणारा पाइप) बदलणं हे दोन तासांचं काम. इंजिन गरम असतानाच खोला, गरम बोल्ट सैल होतात. गंज असेल तर डब्ल्यूडी-४० मारा. तरी हलत नसेल तर पान्याला लांब पाइप लावून जोर द्या. स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा दांडा) तुटलाच तर ईझी-आउटने (तुटक्या बोल्टात भोक पाडून आत घालायचं उलट्या आट्यांचं हत्यार) काढा. बसवताना जुनेच नट आणि गॅस्केट चालतात, फक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) भरपूर फासा. आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेला पाइप टाकलात तर ट्यूनिंग, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा प्रोग्राम बदलणं, न करताच पॉवर वाढते. चेक इंजिनचा दिवा लागला तर ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (सेन्सर थोडा बाहेर सरकवणारा तुकडा) द्या.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर खरं ठरलेलं असतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. फक्त ती गाडी बहुधा नवी होती, आणि तिचे बोल्ट त्याआधी कुणी तरी एकदा खोललेले होते.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा खटाटोप त्याच्याच मोहापायी होतो. टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, मागचा अडथळा कमी झाला की टर्बाइनच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि टर्बो लवकर फिरू लागतो. इथवर बरोबर. पण आजच्या बहुतेक गाड्यांत किती बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) द्यायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. ठरलेला दाब लवकर आला की तो वेस्टगेट (धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) लवकर उघडतो आणि बूस्ट तिथेच रोखतो. त्यामुळे थ्रॉटलला प्रतिसाद सुधारलेला जाणवतो, थोडीफार पॉवरही मिळते, पण जाहिरातीतला आकडा ट्यूनसकटचा असतो. काही गाड्यांत उलटाच प्रकार होतो: वेस्टगेट पूर्ण उघडूनही पुरेसा धूर बाजूने जाऊ शकत नाही, बूस्ट आपोआप चढत जातं आणि ईसीयू थ्रॉटल किंवा इंधन तोडतो. ‘ट्यूनची गरज नाही’ म्हणणाऱ्याने हा झटका खाल्लेला नसतो.

स्पेसरचं म्हणाल तर तो फक्त दिवा विझवतो. कॅटनंतरचा सेन्सर तिथल्या ऑक्सिजनची चढउतार बघतो. कॅट काम करत असेल तर ती चढउतार सपाट होते, नसेल तर पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येतो. स्पेसरमुळे सेन्सर धुराच्या मुख्य प्रवाहातून मागे सरकतो, त्याला चढउतार मंद दिसते, आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र जशीच्या तशी बाहेर पडत राहतात. अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बेकायदा आहे. मोकळाच पाइप हवा असेल तर कमी जाळीचा, म्हणजे चौरस इंचाला २००-३०० छिद्रांचा कॅट असलेला पाइप मिळतो. तो तरी कायद्यात बसतो का, हे विकत घेण्याआधी बघा.

आता बोल्ट. खरी मेहनत इथे आहे आणि सल्ल्यातल्या सगळ्यात घातक चुकाही इथेच आहेत.

‘इंजिन गरम असताना खोला.’ नट सुटायला त्याचं भोक स्टडपेक्षा जास्त फुगायला हवं. पूर्ण एक्झॉस्ट गरम असेल तर नटही तापलेला आणि स्टडही तापलेला. दोघं बरोबरीने फुगतात. त्यातून स्टड स्टेनलेस आणि नट साध्या पोलादाचा असेल तर आणखी पंचाईत. दर अंशाला पोलाद साधारण १२ दशलक्षांश फुगतं, एक्झॉस्टला वापरतात ते नेहमीचं स्टेनलेस सुमारे १७. म्हणजे आतला स्टड बाहेरच्या नटापेक्षा जास्त फुगला आणि पकड आवळली. उष्णता कामाला येते ती एकट्या नटाला दिल्यावर. १० मिलिमीटर भोकाच्या नटाला स्टडपेक्षा ४०० अंश जास्त तापवलं तर भोक जेमतेम अर्ध्या दशांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आट्यांत अडकलेला गंजाचा थर फुटायला तेवढं पुरतं. नटाला वेढा घालणारा इंडक्शन हीटर हे काम सगळ्यात नीट करतो, कारण ज्योत नसते आणि शेजारच्या वायरी, रबरी नळ्या वाचतात. ब्लो टॉर्च वापरणार असाल तर जागा उघडी हवी आणि आग विझवायचं साधन हाताशी हवं.

गरम असताना खोलण्याचा सल्ला एका ठिकाणी मात्र लागू पडतो: ऑक्सिजन सेन्सर. तो कोमट एक्झॉस्टमधून बऱ्याचदा सोपा निघतो. बहुधा तिथूनच हा सल्ला सगळ्या बोल्टांवर पसरला असावा.

‘डब्ल्यूडी-४० मारा.’ १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत हे तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातलं ४० म्हणजे जमलेला चाळिसावा प्रयोग. पातळ तेल असल्याने थोडं आत शिरतं, हे मान्य. पण आट्यांत शिरण्यासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं असतं, आणि खुद्द डब्ल्यूडी-४० विकणारी कंपनीही ते वेगळं विकते. डब्यापेक्षा वेळ महत्त्वाचा. आदल्या संध्याकाळी, थंड एक्झॉस्टवर, वायर ब्रशने उघडे आटे घासून तेल सोडा. तासाभराने पुन्हा, झोपण्याआधी पुन्हा. सकाळी नटाच्या पैलूंवर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेलाला वाट मिळते. हा वेळ ‘दोन तासां’त कुणी धरलेला नसतो. काही जण अ‍ॅसिटोन आणि गिअर-ऑइल स्वतःच मिसळतात; अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते, तेव्हा टॉर्चच्या आसपास ते बाटलीतसुद्धा नको. टॉर्च पेटवण्याआधी साचलेलं कुठलंही तेल पुसून काढा. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापणाऱ्या धातूच्या जवळपासही आणू नका. त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो विषारी वायू आहे.

‘लांब पाइप लावून जोर द्या.’ इथे आकडाच बोलेल. मीटरभर पाइपाच्या टोकाला २० किलोचा जोर म्हणजे सुमारे २०० न्यूटन-मीटर. ८.८ ग्रेडच्या एम८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टाला आवळायला साधारण २५ लागतात, एम१० ला ५० च्या आसपास. गंजाने कंबर बारीक झालेला जुना एम८ स्टड २०० च्या खूप आधीच मान टाकतो. लांब दांड्याचा दुसरा तोटा म्हणजे हाताला काही कळत नाही. नट खरंच सुटत असेल तर ‘कट्’ असा आवाज येऊन तो फिरतो. तो मऊ, लवचिक लागत असेल, रबर पिळल्यासारखा, तर नट जागेवरच आहे आणि पिळला जातोय तो स्टड. थांबायची जागा तीच.

अशा वेळी आधी किंचित आवळा, मग सोडा. आठवा हिस्सा फिरला की परत मागे घ्या, तेल द्या, पुन्हा थोडं पुढे. सहा पैलूंचाच गोटी पाना वापरा; बारा पैलूंचा गंजलेल्या डोक्याचे कोपरे खातो. कमी ताकदीवर लावलेली इम्पॅक्ट गन चालते, कारण तिचे ठोके गंज फोडतात. पूर्ण ताकदीवर तीच गन स्टड तोडते.

एक गोष्ट या सल्ल्यात कधीच नसते: नट वाचवायचा नसतो. स्टड टर्बोच्या ओतीव घरात बसलेला असतो आणि महाग ते घर आहे. नट हट्टाला पेटला असेल तर नट-स्प्लिटरने फोडा किंवा ग्राइंडरने एका बाजूने स्टडपर्यंत कापून छिन्नीने उघडा. नटासकट स्टडच फिरून बाहेर आला तर वैतागू नका. नवीन स्टड तसाही टाकायचा होता.

‘तुटला तर ईझी-आउट.’ बोल्टाचं डोकं नुसतं आवळल्यामुळे तुटलं असेल तर ईझी-आउट चालेल. पण गंजामुळे अख्खा बोल्ट फिरायला तयार नव्हता, तर त्याच्या पोटात घातलेली बारीक काडी त्याला काय फिरवणार? ईझी-आउट कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला की साधं ड्रिल त्याला चावतही नाही, आणि आता घर काढून मशीन शॉपला न्यावं लागतं. स्टडचं टोक थोडंही वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय; वेल्डची उष्णताच अर्धं काम करते. बॅटरी सोडून ठेवा आणि अर्थिंगची पकड कामाच्या जवळ लावा. टोक पृष्ठभागाच्या आत तुटलं असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने सुरुवात करा. कित्येकदा ड्रिल करता करताच तुकडा बाहेर येतो. नाही आला तर १.२५ पिचच्या एम८ साठी ६.८ मिलिमीटरपर्यंत जाऊन आटे टॅपने साफ करायचे, आणि आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). टर्बोच्या तोंडात कापडाचा बोळा ठेवायला विसरू नका. काढायलाही.

‘जुनंच गॅस्केट, जुनेच नट.’ पत्र्याच्या थरांचं गॅस्केट एकदा चेपलं की पुन्हा तसं चेपत नाही. एक्झॉस्टचे नट मुद्दाम किंचित वाकडे केलेले, बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेले असतात. ती पकड पहिल्या वेळीच खर्च होते. नायलॉनची कडी असलेले नट तर इथे लावूच नयेत, नायलॉन या तापमानाला वितळतं. अँटी-सीझ हवंच, स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तर निकेलचं, कारण असे दोन भाग घासून एकमेकांना चिकटतात. पण ‘भरपूर’ नको. घर्षण कमी झालं की टॉर्क रेंचवर तोच आकडा येईपर्यंत बोल्ट जास्त ताणला जातो. सेन्सरच्या आट्यांवर कंपनीने आधीच लावलेलं असेल तर वरून आणखी नको, आणि टोकाला तर बोटही लावू नका.

बसवताना सगळे बोल्ट आधी नुसते हाताने धरा. मग टर्बोकडची फ्लँज (जोडाची चपटी कडा) मॅन्युअलमधल्या टॉर्कला, त्यानंतर मागचा जोड, आणि गिअरबॉक्सकडचं ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. ब्रॅकेट आधी आवळलंत तर पाइप ताणात बसतो आणि फ्लेक्स जोड (पाइपाचा लवचिक तुकडा) लवकर फाटतो. व्ही-बँड (बोल्टांऐवजी जोडाभोवती आवळायची पट्टी) असेल तर थोडं आवळून, पट्टीभोवती हलके ठोके देऊन पुन्हा आवळा. इंजिन एकदा पूर्ण तापून पूर्ण थंड झालं की फ्लँज पुन्हा तपासा: काळी रेघ किंवा थंड इंजिन चालू करताना टिकटिक असेल तर तिथून गळती आहे. पहिला सेन्सर त्या जोडानंतर असेल तर त्याला बाहेरची हवा मिळते आणि ईसीयू नसलेली कमतरता भरून काढायला जादा इंधन ओतत राहतो.