‘पाच माणसांवरून काय ठरते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘प्रॉडक्ट प्रमुखाने महिन्यातून किमान दोन तास ग्राहकाशेजारी बसावे’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण नाव दिलेले नाही, पण लोअर परळमधील एका वित्तीय ॲपची जबाबदारी आपल्याकडे आहे असे लिहिले आहे, त्यामुळे हे आक्षेप कामाच्या अनुभवातून आले आहेत असे मी धरून चालते. आपले म्हणणे थोडक्यात असे : वीस लाख लोकांच्या प्रत्येक टॅपची नोंद हाताशी असताना पाच माणसांना ॲप वापरताना पाहून काय ठरते, दोन पर्यायांची ए-बी चाचणी (काही ग्राहकांना एक, काहींना दुसरा दाखवून तुलना) घेतली की वाद मिटतो, प्रमुखाचा वेळ महाग असतो आणि निरीक्षणाच्या कामासाठी संशोधक पगारावर असतातच, आपल्याकडचे लोक वस्तू स्वस्त आणि उपयोगी असेल तर कसलीही स्क्रीन चालवून घेतात, आणि शेवटी, ही माणसे आणायची कुठून?

पहिल्या आक्षेपात आपण बरोबर आहात आणि माझे वाक्य चुकीचे होते. ‘पाच जणांना भेटलात की पुरे’ असे मी लिहिले, तसे लिहायला नको होते. हा पाचाचा आकडा वापरसुलभतेचे संशोधक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितातून आला आहे. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका व्यक्तीला काम करताना पाहिले की सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत, आणि त्याच हिशेबाने पाच जणांपर्यंत पोहोचले की सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र हे गणित साधारण एकसारख्या लोकांच्या एका गटापुरते आहे आणि ते अडचणी शोधण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही. शंभरात पाच जणांनाच येणारी अडचण घेतली, तर ती पाच जणांत एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के असते. म्हणून ‘किती जणांना त्रास होतो’ हा प्रश्न आपल्या डॅशबोर्डचाच, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या फलकाचाच, आहे. मूळ लेखातले ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.

पण ‘त्रास कशाचा होतो’ या प्रश्नाचे उत्तर डॅशबोर्डकडे नसते. हे मी एका कामाच्या आधारे सांगते, कारण माझा आग्रह तिथूनच सुरू झाला आहे. छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठी मी काम करत होते. केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या, टप्प्यावर मोठी गळती दिसत होती, लोक अर्ज अर्धवट सोडून जात होते, आणि त्याच स्क्रीनवर पॅन कार्डाचा फोटो काढायचा असल्यामुळे गळतीचे कारण कॅमेरा आहे असे सर्वांनी गृहीत धरले. सहा महिने कॅमेऱ्यावर खर्च झाले. फोटो उजळ येऊ लागले, स्क्रीन लवकर उघडू लागली, आणि गळती होती तिथेच राहिली.

त्यानंतर आम्ही लालबागमधल्या एका पोळी-भाजी केंद्रात गेलो. दुपारचे तीन वाजले होते, डबे रवाना झाले होते आणि केंद्र चालवणाऱ्या मावशी हात पुसून आमच्यासोबत बाकावर बसल्या. फोन त्यांचा स्वतःचा होता, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला आणि भाषा मराठी ठेवलेली. त्यांनी आधार कार्ड समोर धरून त्यावरचे नाव एकेक अक्षर पडताळत टाइप केले, पॅनचा फोटो पहिल्याच प्रयत्नात नीट काढला आणि ‘पुढे जा’ दाबले. लाल अक्षरांत संदेश आला : ‘अवैध नाव’. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अवैध म्हणजे बेकायदेशीर ना? माझं नाव बेकायदेशीर कसं असेल हो?” मग त्यांनी फोन पालथा करून बाकावर ठेवला. आमच्या नोंदींत त्या क्षणाचे वर्णन एवढेच उमटले की सत्र संपले.

त्यांचे पॅन कार्ड माहेरच्या नावाचे होते आणि आधार लग्नानंतरच्या. महाराष्ट्रात लग्नानंतर बाईच्या नावातला वडिलांचा भाग जाऊन नवऱ्याचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. त्यामुळे दोन कागदांवर दोन नावे असणे ही इथल्या असंख्य बायकांची रोजची स्थिती आहे. ही गोष्ट आमच्या टीममधल्या प्रत्येकाला आपापल्या घरातून ठाऊक होती, आणि तरीही ती कोणाच्या मनात आली नाही, कारण आलेखावर ती ‘केवायसी’ या एका शब्दात मिटून गेली होती. शिवाय तो संदेश लिहिणाऱ्याने इंग्रजी शब्दाला कोशातला प्रतिशब्द दिला होता. मराठी माणूस ‘अवैध’ हा शब्द वाचतो तो अवैध दारू, अवैध बांधकाम, अवैध वाळू उपसा अशा बातम्यांत. कर्ज मागायला आलेल्या बाईला त्या शब्दाने आपल्यावर काही ठपका आला असे वाटले, यात तिची काहीच चूक नव्हती.

आपल्या तिसऱ्या आक्षेपाचे, म्हणजे हे काम प्रमुखाने स्वतः का करावे याचे, उत्तरही त्याच बाकावर मिळाले. नावे जुळत नाहीत ही अडचण एका डिझायनरने त्याआधी दोनदा अहवालात लिहिली होती आणि दोन्ही वेळा ती बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, खाली सरकली. तसे होणे स्वाभाविक होते, कारण दुरुस्ती डिझायनरच्या हातात नव्हतीच. नाव जुळण्याचा नियम रिस्क विभागाचा होता, संदेशाचे शब्द बाहेरच्या व्हेंडरने दिलेल्या यादीतून आले होते, आणि पर्यायी कागद म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र चालेल की नाही हे कायदा विभागाने सांगायचे होते. या तिन्ही विभागांना एकाच वेळी हलवण्याचा अधिकार कंपनीत एकाच व्यक्तीकडे होता, आणि योगायोगाने त्या दिवशी ती व्यक्ती, म्हणजे त्यांचे प्रॉडक्ट हेड, माझ्या शेजारी बसली होती. त्यांनी केंद्राबाहेर फुटपाथवर उभे राहून रिस्क प्रमुखांना फोन लावला. पंधरा दिवसांत फॉर्मवर ‘लग्नानंतर माझे नाव बदलले आहे’ असा पर्याय आला आणि संदेश बदलून ‘पॅन आणि आधारवरची नावे वेगळी दिसत आहेत’ असा झाला. त्या टप्प्यावरची गळती घटली. किती घटली ते सांगण्याची मला परवानगी नाही.

संशोधकाचा अहवाल आणि प्रमुखाचे डोळे यांत मला हा फरक दिसतो. अहवाल कितीही चांगला असला तरी तो इतर पन्नास कागदांमधला एक कागद असतो. पालथा ठेवलेला फोन ज्याने पाहिला तो दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत वेगळे प्रश्न विचारतो.

आता ए-बी चाचणीविषयी. ती उपयुक्त आहे आणि मी स्वतः ती वापरते. तिची एक मर्यादा उघड आहे : आपल्याला सुचलेल्या दोन पर्यायांपैकी सरस कोणता एवढेच ती सांगते, न सुचलेला तिसरा ती सुचवत नाही. दुसरी मर्यादा मला अधिक चिंतेची वाटते. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर विम्याच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली, तर त्या पर्यायातून अधिक विमा विकला जाणार आणि चाचणी त्यालाच विजयी ठरवणार. ग्राहकाला ते समजले होते का, हे चाचणी विचारतच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या स्क्रीनरचनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात अशा १३ क्लृप्त्या नोंदवल्या आहेत, आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय बास्केटमध्ये वस्तू घालणे, खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला खजील करणे, सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणे हे प्रकार त्यांत आहेत. यातल्या बहुतेक क्लृप्त्या कोणीतरी कधीतरी आकड्यांच्या बळावर मंजूर करून घेतलेल्या असतात. तिमाहीचे लक्ष्य ठरवणारी व्यक्ती ‘हा आकडा वाढवा’ एवढेच म्हणते, आणि तो कोणत्या मार्गाने वाढू नये हे सांगायचे राहून जाते. ते सांगणे हे आपल्या पदाचे काम आहे, डिझायनरचे नाही.

शिवाय आपले वीस लाख म्हणजे दाराच्या आत आलेले लोक. डिजिटल केवायसीच्या वेळी अनेकदा कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागे; ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला ते करता येत नसे. असे लोक आणि दृष्टिहीन व्यक्ती यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. जे पहिल्याच पायरीवर अडले त्यांची नोंद ‘अपूर्ण अर्ज’ यापलीकडे कोणत्याही डॅशबोर्डवर नव्हती. हा निकाल आपल्या क्षेत्राला थेट लागू होतो, तेव्हा त्यातले निर्देश आपण मुळातून वाचावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘आपल्याकडे लोक कसलीही स्क्रीन चालवून घेतात’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. जिथे दुसरा पर्याय नसतो तिथे लोक चालवून घेतात, आणि त्यासाठी मुलाला, शेजाऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला फोन देऊन त्यालाच ओटीपीही सांगतात. हे चालवून घेणे आपल्या नोंदीत ‘यशस्वी व्यवहार’ म्हणून जमा होते. आपल्या ॲपला पर्याय आहेत, त्यामुळे आपल्या बाबतीत लोक चालवून घेणार नाहीत, निघून जातील.

एक छोटा प्रयोग सुचवते, त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही. आपल्या फोनची भाषा आठवडाभर मराठी ठेवा आणि फोन शक्यतो दहा-बारा हजारांचा घ्या. बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर आपण जे पाहता ते जवळजवळ नेहमी इंग्रजी असते. मराठीत तेच बटण ‘अर्ज मागे…’ इतक्यावर कापलेले दिसेल आणि पुढे ‘घ्या’ आहे की ‘घेऊ नका’ हे कळणार नाही. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या ओळींत वरचा रफार आणि खालचा उकार छाटला गेलेला दिसेल. ज्या शहरात आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने १९६९ पासून डिझाइन शिकवले, तिथल्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये देवनागरीची ही अवस्था पाहून मला खरोखर वाईट वाटते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, माणसे कुठून आणायची. आपल्या कॉल सेंटरकडून गेल्या आठवड्यात अर्ज अर्धवट सोडलेल्यांची यादी घ्या. नियमित आणि समाधानी ग्राहकांची नको. ज्यांनी संपर्काला संमती दिली आहे त्यांनाच फोन करा, कशासाठी येत आहोत ते स्पष्ट सांगा, त्यांच्या सोयीच्या वेळी त्यांच्या जागेवर जा आणि मानधन द्या, काम पूर्ण झाले नाही तरी पूर्ण द्या. सोबत रिस्क किंवा कायदा विभागातील एकाला न्या. तिथे गेल्यावर समोर न बसता शेजारी बसा, बोट दाखवून मदत करू नका, आणि ‘ॲप आवडले का’ असे विचारू नका, कारण पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘त्या दिवशी अर्ज कुठे थांबला, ते पुन्हा करून दाखवाल का?’ असे विचारा आणि मग त्यांचे झाल्याशिवाय बोलू नका. दोन तासांत दोन माणसे होतात. लोअर परळहून लालबाग टॅक्सीने फारसे लांब नाही.