मोफत वकील कोणाला?

मुलाच्या ताब्याचा वाद कुटुंब न्यायालयात गेला की नागपुरातल्या पानठेल्यावरचा माणूसही कायदेपंडित होतो आणि ‘आधी उत्पन्नाचा दाखला काढा’ असे फर्मावतो. अहो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही, मग त्या माउलीला भर उन्हात सेतू केंद्राच्या रांगेत कशासाठी उभे करता?

बापाची तऱ्हा आणखी न्यारी आहे. महाराष्ट्रात अशी सूट नसलेल्या इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये असल्यामुळे हिंगण्यात स्वतःची रिक्षा चालवून महिना सव्वीस हजार कमावणारा, घरभाडे आणि आईची औषधे भागवणारा माणूस बारा हजारांनी ‘श्रीमंत’ ठरतो! या धनाढ्याने खाजगी वकिलाकडे फी विचारली, तर उत्तर मिळते, ‘केस पाहून सांगू.’ केस पाहण्याचे पैसे मात्र आधी द्यावे लागतात. पुढे टंकलेखनाचे वेगळे, प्रतिज्ञापत्राचे वेगळे, आणि तारीख पडली तरी त्या दिवसाचे वेगळेच.

वर कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम १३ म्हणते की, येथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्कच नाही. किती उदात्त विचार! प्रत्यक्षात न्यायालयाच्या परवानगीने समोरची बाजू वकील घेऊन उभी असते, आणि पोराला रविवारी दोन तास भेटू द्या एवढा अंतरिम अर्ज कसा लिहायचा, हे या माणसाला कोणी शिकवायचे, पानठेल्यावाल्याने?