रॅडफर्डचं नाव

शाहू स्टेडियमवरची मॅच सुटली की आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर दुसरी सुरू होते. परवा ती बीबीसीचा फुटबॉल समालोचक जॉन मॉट्सन याच्यावरून पेटली.

सुरुवात दत्तानं केली. "मॅच डोळ्यांनी दिसतीय की! मग बोलणाऱ्यानं आकडे कशाला सांगत बसायचं? मॉट्सन म्हणजे नुसती आकड्यांची वही. त्यापेक्षा बीबीसीचाच दुसरा समालोचक बॅरी डेव्हिस ऐक."

आणि त्यानं 1974 काढलं. फ्रान्सिस ली या खेळाडूला मँचेस्टर सिटीनं डर्बी क्लबला विकलेलं. तो त्याच मैदानावर परत आला आणि सिटीलाच गोल ठोकला. डेव्हिस म्हणाला, "इंटरेस्टिंग... व्हेरी इंटरेस्टिंग!" आणि पुढं, त्याचा चेहरा बघा. "बास. लीच्या मनातलं सगळं त्यात आलं," दत्ता म्हणाला. खोटं नव्हतं ते.

मी म्हटलं, "आता हियरफर्डचं ऐक." 5 फेब्रुवारी 1972, इंग्लंडच्या एफए कपमधला, बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेला सामना. न्यूकॅसल पहिल्या म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनचा संघ, हियरफर्ड लीगबाहेरचा. मैदानात नुसता चिखल. बीबीसीनं पाठवलेला मॉट्सन 26 वर्षांचा, नवखा. रात्रीच्या कार्यक्रमात या मॅचला शेवटी थोडी जागा मिळायची होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना मॅल्कम मॅकडोनाल्डनं न्यूकॅसलला पुढं नेलं. संपलं, असंच वाटलं असणार. तेवढ्यात सुतारकाम करणाऱ्या रॉनी रॅडफर्डनं लांबून असा फटका हाणला, की चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात! टोपीचे जाड पार्का कोट घातलेली पोरं मैदानात धावली. जादा वेळेत बदली खेळाडू रिकी जॉर्जनं दुसरा गोल केला. 1949 नंतर पहिल्यांदाच लीगबाहेरच्या संघानं पहिल्या डिव्हिजनच्या संघाला हरवलं होतं. त्या रात्री कार्यक्रमाची सुरुवातच या मॅचनं झाली आणि मॉट्सनचं नाव घरोघरी पोचलं.

"त्यात आकडे कुठं आले?" दत्ता.

"आकडे न्हाईत, नाव आलं. बूट-मोजे चिखलानं माखलेले, गोल करणारा लीगबाहेरचा. तरी 'रॉनी रॅडफर्ड' हे पूर्ण नाव त्या क्षणी तोंडात आलं. घरी बसून अभ्यास केल्याशिवाय येतंय व्हय?"

मला या माणसाबद्दल प्रेम आहे ते याच्यासाठीच. धर्मोपदेशकाचा मुलगा, बार्नेटच्या स्थानिक वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणून सुरुवात, मग शेफिल्ड, मग बीबीसी. नोंदी ठेवायला बायको अ‍ॅनी मदतीला. मेंढीच्या कातड्याचा तो कोट आणि 1990 मध्ये वायकमच्या मैदानावर बर्फात उभं राहून त्यानं केलेलं वार्तांकन लोकांच्या लक्षात राहिलं, पण खरा माणूस त्या कागदांत होता. समोरचा सामना वेम्बलीवरचा असो नाहीतर गावातला, तयारी तेवढीच.

दत्तानं हुकमाचं पान टाकलं. "मग 1994 च्या वर्ल्ड कपची फायनल बीबीसीनं डेव्हिसला का दिली?"

इथं मात्र मला माघार घ्यावी लागली. मॉट्सनला गप्प राहणं जड जायचं, हे खरंय. ब्राझील-इटली, पेनल्टी, बॅजिओचा चेंडू बारवरून. अशा वेळी थोडक्यात बोलणाराच पाहिजे.

आबा इतका वेळ ऐकत होते. "आपल्याकडं नोव्ही कपाडिया होते. दिल्लीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि भारतीय फुटबॉलचा सगळा इतिहास डोक्यात. 2021 ला गेले. ते बोलायला लागले की जुने खेळाडू परत मैदानात उतरायचे. मॉट्सन 2023 ला गेला." मग दत्ताकडं वळून म्हणाले, "आज आपल्या पोरानं शेवटच्या मिनिटाला गोल मारला. दिवसभर गॅरेजात काम करून आला होता. टीव्हीवर कुणी त्याला नुसतं 'नंबर 11' म्हटलं असतं, तर चाललं असतं तुला?"

दत्ता काही बोलला नाही. मग माझ्याकडं हात केला, "तो गोल लाव मोबाईलवर. आवाज मोठा कर."

लावला. रॅडफर्डचं नाव आलं तेव्हा आबांनी डोळे मिटले होते. दत्तानं दोनदा बघितला आणि म्हणाला, "तरीबी डेव्हिसच!"

चहावाल्यानं शटर ओढलं तरी आम्ही तिथंच होतो.