‘खिचडी’ म्हणणाऱ्या वाचकास

आपण नाव दिलेलं नाही, म्हणून नुसतंच ‘वाचक’ म्हणतो. ‘भक्तीचे प्रकार’ या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “नवविधा भक्ती आणि पंचभाव यांची सरळ खिचडी केली आहे. आधी वाचावं, मग लिहावं.” पुढे आणखी तीन मुद्दे आहेत.

आधी चूक कबूल करतो. प्रल्हाद हिरण्यकशिपूला नऊ प्रकार सांगतो तो भागवताचा सातवा स्कंध. मी अकरावा लिहिला. एकनाथी भागवत अकराव्यावरचं, तेच तोंडात बसलेलं, म्हणून घसरलो. दुरुस्त केलं आहे.

आता खिचडी. श्रवण, कीर्तन, स्मरणापासून आत्मनिवेदनापर्यंतचे नऊ प्रकार म्हणजे भक्ताने करायच्या गोष्टी, आणि शांत, दास्य, सख्य, वात्सल्य, माधुर्य ही देवाशी जोडलेली नाती, जी सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी रसशास्त्राच्या चौकटीत मांडली. एवढं मला ठाऊक नसेल, हे आपण कशावरून ठरवलंत? दास्य आणि सख्य दोन्ही याद्यांत आहेत, म्हणजे सरमिसळ माझ्या जन्माआधीची आहे. नारदभक्तिसूत्रं उघडा, ८४ पैकी ८२वं पाहा. तिथे अकरा आसक्ती, म्हणजे देवाकडे ओढ लागण्याचे प्रकार, एका दमात येतात : स्मरण, पूजा, दास्य, सख्य, आत्मनिवेदन, आणि त्यांच्याच पंगतीला कांता, वात्सल्य, परमविरह. नारदांनाही सांगणार का, आधी वाचावं म्हणून?

आणि वाचण्याचं म्हणाल तर आजीला मोतीबिंदू झाल्यावर वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिला रोज भागवत वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. सहा वर्षं. ती बाळकृष्णाला पहाटे उठवायची, थंडीत टोपरं घालायची, नैवेद्य गार झाला की त्याचीच क्षमा मागायची. घरात कुणी आजारी पडलं की त्याच बाळकृष्णाला खडसवायची, “झोपलायस काय मेल्या!” आणि दिवेलागणीला त्याच्याच पुढे बसून “तूच माझी आई” म्हणत रडायची. तिला सांगायला हवं होतं का, की आजी, सकाळचं अर्चन आहे, दुपारचं वात्सल्य, संध्याकाळचं आत्मनिवेदन, डबे वेगळे ठेव? मी जे लिहितो ते या बाईजवळ बसून शिकलो. आपण कुणाजवळ बसलात ते प्रतिक्रियेत दिसलं नाही. दिसला तो नुसता छडी हातात घेतल्याचा आविर्भाव.

हे जरा जास्त झालं असेल. पण सुरुवात आपण केलीत.

बाकीचं थोडक्यात. शिशुपालाचा द्वेष भक्तीच्या लेखात कशाला, असं विचारलंत. द्वेषानेसुद्धा मन देवातच गुंततं, असं त्याच सातव्या स्कंधाच्या सुरुवातीला नारद युधिष्ठिराला सांगतात, ते पाहा. विराण्यांना, म्हणजे देवाच्या विरहाच्या अभंगांना, मी दोनच ओळी दिल्या ही तक्रार मान्य, त्यांना स्वतंत्र लेख हवा. राहता राहिला आपला तिसरा मुद्दा : वात्सल्यात भक्त यशोदा होतो आणि देव लेकरू, मग विठ्ठलाला ‘माऊली’ म्हणणं मी वात्सल्यात कसं घातलं, तिथे तर भक्तच लेकरू आहे. हा शब्दांचा काथ्याकूट आहे. जनाबाईला पडला नाही हा प्रश्न.

तरी त्या परिच्छेदातला ‘वात्सल्यभक्ती’ हा शब्द तूर्त काढला आहे. आपण म्हणालात म्हणून नव्हे, वाक्य लांबत होतं.