उत्तर ४ आलं म्हणून हुरळू नका

क्षशी माझं काही भांडण नाही. ३क्ष + ५ = २० असं समीकरण दिलं की आठवीतलं कुठलंही पोर ५ पलीकडे नेतं, ३ ने भागतं, क्ष = ५ लिहितं आणि खेळायला पळतं. पण त्याच क्षच्या खाली एकदा ४ आणि एकदा ६ ठेवून बघा. लगेच तहान लागते, पेन्सिलीला टोक काढायचं आठवतं आणि शेवटी आतून हाक येते, ‘‘बाबा, जरा इकडे या ना!’’ ही हाक ज्यांच्या वाट्याला येते त्या समस्त वर्गाच्या वतीने मी हे लिहितो आहे.

वहीत साधारण असं काहीतरी असतं:

(क्ष + ३)/४ − (क्ष − ५)/६ = ३

आधी छेद घालवायचे. ४ आणि ६ यांचा लसावि १२. कोणी ४ × ६ करून २४ घेतले तर ओरडू नका. आकडे नुसते फुगतात, शेवटी २क्ष = ३४ येतं आणि पोरगं त्याच उत्तराला पोचतं, दोन ओळी उशिरा. खरा घोळ पुढे आहे. १२ ने गुणायचं म्हणजे प्रत्येक पदाला गुणायचं. हळदीकुंकवाचं बोलावणं वाड्यात सगळ्यांना जातं आणि जिन्याखालच्या खोलीतल्या काकू तेवढ्या राहतात, तसा उजवीकडचा ३ राहतो. त्याला दिसण्यासारखा छेद नाही, मग त्याला कशाला गुणायचं, असा सरळ हिशेब. पण छेद घालवणं हा गुणाकाराचा फायदा आहे, अट नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्याच पटीने वाढल्या तरच त्या सारख्या राहतात. म्हणून ३ चे ३६ झालेच पाहिजेत.

दुसरा खड्डा आणखी लबाड. अपूर्णांकाची आडवी रेघ भागाकार तर दाखवतेच, शिवाय गुपचूप कंसाचंही काम करते. छेद गेला की रेघ जाते आणि रेघेबरोबर तो न लिहिलेला कंसही जातो. त्यामुळे मधल्या वजाबाकीच्या चिन्हाला वाटतं, आपला संबंध फक्त क्षशी. ५ चं त्याने बघावं. माझं स्पष्ट मत आहे की गुणायच्या आधी अंशांना हाताने कंस घालावेत, मग शाळेत कोणी ‘एवढ्या पायऱ्या कशाला’ म्हटलं तरी चालेल:

३(क्ष + ३) − २(क्ष − ५) = ३६
३क्ष + ९ − २क्ष + १० = ३६
क्ष + १९ = ३६
क्ष = १७

तिथला + १० नीट बघा. उणे दोन गुणिले उणे पाच. या एका चिन्हावर घराघरांत जेवणं थंड होतात.

आता गंमत. चिन्ह चुकवून − १० लिहिलं तर उत्तर येतं ३७. चिन्ह बरोबर ठेवलं पण ३ ला गुणायचं विसरलं तर − १६. आणि दोन्ही चुका एकदम केल्या तर क्ष − १ = ३, म्हणजे क्ष = ४. सुबक, गोंडस ४! बरोबर आलेला १७ तोंडावरूनच संशयित दिसतो, म्हणून मुलं तो खोडतात. ४ ला मात्र दुहेरी चौकट मिळते.

यावर उपाय ताळ्याचा, आणि नेमका तोच कोणी करत नाही. १७ घाला: २०/४ म्हणजे ५, १२/६ म्हणजे २, ५ − २ = ३. झालं. ४ घाला: ७/४ + १/६, म्हणजे २३/१२, दोनसुद्धा नाहीत, तीन कुठले? − १६ घातले तर डावी बाजू येते १/४. हा पाव म्हणजे ३ भागिले १२. न गुणलेला ३ स्वतः येऊन तक्रार नोंदवतो. ताळा नुसती चूक दाखवत नाही, कधीकधी चुकीचा पत्ताही देतो.

तिरक्या गुणाकाराबद्दल मी फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. तो चालतो फक्त एका बाजूला एक अपूर्णांक आणि दुसऱ्या बाजूला एक अपूर्णांक असेल तेव्हा. मधे बरोबरचं चिन्ह हवं. वजाबाकीच्या चिन्हावरून उड्या मारून उपयोग नाही. आणि बरोबरचं चिन्हच नसेल, नुसतं ‘क्ष/४ − क्ष/६ सोपं करा’ असेल, तर १२ ने गुणून छेद उडवायचा हक्कच नाही. उत्तर क्ष/१२ येतं, क्ष नव्हे.

हे दुखणं नव्या अभ्यासक्रमाने आणलेलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) भुंग्यांचं उदाहरण आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालतो आहे; तर एकूण भुंगे किती? लसावि १५. गुणलं की ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणजे भुंगे १५. इथेही तो एकटा भुंगाच गुणायचा राहतो. मग १४क्ष + १ = १५क्ष होतं आणि थव्यात भुंगा निघतो एक. त्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलींध्रावर, दोन पंचमांश कुटजावर, आणि एवढं होऊनही तो अख्खाच्या अख्खा हवेत घिरट्या घालतोय.